वाट्यांतलं क्लॅरिनेट

साहेबरावाचे समोरचे दोन दात पडले आणि शेषेरावाच्या बँडची वाचाच बसली. साहेबराव क्लॅरिनेट वाजवायचा. दाताविना त्याची फुंक नळीत जायच्या ऐवजी शेजारच्या ढोलवाल्याच्या कानात जायला लागली. आणि इकडं लातूर नवा जिल्हा झालेला, मोठा समारंभ ठरलेला, चाकूरच्या या बँडला पहिल्यांदाच बोलावणं. नीट वाजलं तर पुढचे सरकारी कार्यक्रम यांचेच. नाही तर उदगीरचा बँड टपलेलाच होता.

"क्लॅरिनेटचं समदं मी जलतरंगावर घेतो," शेषेराव बायकोला म्हणाला. (जलतरंग त्यानं जन्मात एकदाच ऐकलं होतं, तेही रेडिओवर.)

"ते कशावर वाजतंय?" सिंधुनं विचारलं.

"चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून."

त्या साली आडात पाण्याऐवजी पोरांचे चेंडू सापडायचे. सिंधु उसळलीच. "पाणी? आन् मी भांडी कशानं घासू, तुमच्या रागदारीनं?"

"वाजवून झालं की परत देतो की! सूर काय पाणी पितो व्हय?"

पण माणूस गुणाचा, बरं का. क्लॅरिनेट सूर लांब ओढतं. वाटी टण्णकन बोलते अन् गप बसते. साहेबराव जिथं सूर ओढायचा, तिथं शेषेराव दोन काड्यांनी अशा बारीक टिचक्या पेरायचा की सलग धार लागल्यागत वाटावं. सिंधु ऐकत बसली आणि तव्यावरची भाकर कोळसा झाली. साहेबरावाच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"वाटीत धर की रं!" सिंधु म्हणाली.

समारंभाच्या सकाळी शेषेरावानं घरीच सूर लावले आणि भरलेल्या वाट्या टेम्पोत मांडल्या. पहिल्याच खड्ड्यात सगळी सरगम ट्रम्पेटवाल्या वीरण्णाच्या विजारीवर!

टेम्पोत सोबत आलेल्या सिंधुनं पदराआडची पाण्याची घागर पुढं केली. तिला नवरा माहीत होता.

लातुरात मंचावर त्यानं पुन्हा सूर लावले. घागर रिकामी झाली. तेवढ्यात गुरुबसप्पा नावाचे वयस्कर पाहुणे वर आले. खुर्च्यांपुढं पाण्याच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या. त्यांना वाटलं, केवढी ही व्यवस्था! त्यांनी पहिली वाटी उचलली आणि गटागटा सा पिऊन टाकला. मिशा पुसल्या, रे पण घेतला.

वीरण्णा कुजबुजला, "मालक, गाणं निघायचं कुठून? सा तर गेला पोटात!"

 पण शेषेरावाचा कान जागा होता. त्यानं म च्या वाटीवर काडी मारली. "आता सा हितं! सारे हितून उचला!" वरचा नि तेवढा चढा लागत होता, शेजारच्या वाटीतलं घोटभर ओतून त्यानं तो उतरवला. पेटीवाल्यानं बोटं सरकवली, वीरण्णानं गाल फुगवले आणि अख्खं गाणं नव्या सुरावर असं उभं राहिलं की मंडप चिडीचूप! घागर कडेवर घेतलेल्या सिंधुचा ऊर भरून आला. असा नवरा साऱ्या जिल्ह्यात नाही, तिला वाटलं.

टाळ्या थांबेनात. कार्यक्रमाचे साहेब धावत आले. "वा, शेषेराव! यापुढं प्रत्येक समारंभाला तुम्हीच!"

शेषेरावानं छाती फुगवून बायकोकडं पाहिलं.

"फक्त वाट्या थोड्या वाढवा," साहेब म्हणाले, "आणि पाहुण्यांचं पिऊन झालं, की मग काय ते वाजवा."