अण्णांचा नकार

आमच्या कचेरीत कुणी नुसतं ‘मडकं’ म्हणालं की अण्णा मुजुमदार चष्मा काढून पुसायला घेत. तो पुसून होईपर्यंत समोरच्याने शब्द सुधारावा, अशी अपेक्षा असे.

“मडकं म्हणजे कोणतं? घागर, रांजण, सुगड, गाडगं? नुसतं मडकं जगात नसतं.”

उज्जैनला पुरातत्त्व खात्यात अण्णा संस्थानी काळापासून होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला. दारावरची पाटी बदलली, अण्णांच्या टेबलावरची खापरं तीच राहिली.

एकदा अण्णांबरोबर आम्ही रामघाटावर गेलो. नावाडी म्हणाला, “बैठो साहब, नाव तैयार है.”

“ये नाव नहीं, डोंगा है. तल देखो, सपाट है,” अण्णा म्हणाले.

“कुछ भी कहो साहब, डूबेगी नहीं.”

“डूबेगा नहीं. डोंगा पुल्लिंग है.”

‘डूबेगा’ एवढंच ऐकून आत बसलेल्या दोन यात्रेकरू बायका उतरल्या. नावाडी आम्हाला सोडून गेला. अण्णांच्या मते चूक व्याकरणाची नव्हती.

पुढे मध्यप्रदेश झाला आणि भोपाळहून हुकूम आला. जुन्या वस्तू, वास्तू, घाट, नौका, सगळ्यांची एकच परिभाषा ठरवायची होती आणि त्यासाठी अण्णांना बढतीवर बोलावलं होतं. आम्ही पेढे मागवले. पेढे यायच्या आत अण्णांनी नकार कळवला. कारण दिलं, ‘घरगुती’.

कचेरीला ते पटलं नाही. ‘नौका’ आणि ‘जहाज’ यांवरून बिनसलं असणार, असं सर्वानुमते ठरलं. साहेब मला म्हणाले, “तुम मराठी लोग आपस में बात करो. समझाओ उन्हें.”

संध्याकाळी मी सिंहपुरीत त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला, माईंना, बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. माई अंगणात खाटेवर बसल्या होत्या.

“दादा, ती होडी आण ना,” त्यांनी आत हाक मारली.

मला वाटलं, त्यांचे भाऊ आलेत. पण बाहेर आले ते अण्णा. हातात पाण्याचा पेला.

“ही घे होडी.”

मी हसून म्हणालो, “माई, पेला हो तो.”

अण्णांनी माझा दंड धरला. “असू दे. आमच्याकडे होडीच म्हणतात.”

मी साहेबांचा निरोप कसाबसा सांगितला. अण्णा हलक्या आवाजात म्हणाले,

“शब्द गेलेत तिचे. माणसंही. पण या घरात न्हाणीपासून देवघरापर्यंत एकटी जाते अजून. भोपाळच्या घरात कुठे जाईल?”

माईंनी पेला अर्धवट ठेवला. “दादा, आई मला न्यायला कधी येणार रे?”

अण्णांनी धोतराच्या सोग्याने त्यांची हनुवटी टिपली.

“निघालीय,” ते म्हणाले. “तोवर मी आहे ना.”