पोटावरची गोगलगाय

अस्वलाच्या कोटाचं मधलं बटण तिसऱ्या पानावर हरवतं आणि शेवटच्या पानावर सापडतं, एवढीच त्या पुस्तकाची गोष्ट. कपातला चहा गार व्हायच्या आत वाचून होईल इतकी लहान. चित्रकाराने ती एकदा वाचली, "गोड आहे" असं म्हणाला, कागद टेबलाच्या खणात टाकला आणि रंगवायला बसला. मजकूर सारखा वाचला की हात आखडतो, असं त्याचं म्हणणं होतं. हात आखडू नये म्हणून तो बरीच कामं टाळत असे आणि त्यात भांडी घासणंही येतं, असं त्याची बायको सांगायची.

चित्रं मात्र सुरेख उतरली होती. जाड कागदावर जलरंगात, हाताने रंगवलेली. लाल कोट घातलेलं ढेरपोटं अस्वल आणि कोटाला पितळी बटणं. त्या बटणांवर चित्रकाराचा जीव जडला होता. एकेका बटणात त्याने खिडकीचा इवलासा उजेड काढला होता. एका पानावर अस्वल तळ्यात डोकावून पाहतं. तिथे पाण्यात उलटं अस्वल, उलटा कोट आणि उलटी बटणं काढताना त्याने कागदच उलटा धरला होता. ते पान तो घरी येईल त्याला दाखवायचा, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही.

संपादकबाई त्या दिवशी संध्याकाळी चित्रं न्यायला स्वतः येणार होत्या. म्हणून सकाळी त्याने सगळी पानं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि कौतुक ऐकावं म्हणून सासऱ्यांना हाक मारली. इथेच आपलं चुकलं, असं तो पुढे सांगायचा. खरं म्हणजे चूक आधीच झालेली होती, इथे ती सापडली एवढंच.

सासरे बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होते. समोरून सरकणाऱ्या पट्ट्यावरचं तुटकं, करपलेलं, वाकडं बिस्कीट उचलून बाजूला टाकणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला ते लेकीकडे आले होते आणि ते ऑपरेशन, जावयाच्या दुर्दैवाने, फारच छान झालं होतं. तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ वाकडं होतं, पडद्याची एक कडी सुटलेली होती आणि जावयाच्या दोन कानांजवळचे केस सारखे कापलेले नव्हते. सासऱ्यांची बॅग कधी भरली जाते याकडे चित्रकार डोळे लावून बसला होता.

सासऱ्यांनी हात पाठीमागे बांधले आणि टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टा चालू असल्यासारखे, संथ चालत गेले.

"छान आहे," ते म्हणाले. "अस्वलाचं बटण कधी हरवतं म्हणालात?"

"तिसऱ्या पानावर."

"आणि हे बेडकाला विचारतंय, माझं बटण पाहिलंस का, ते पुढचं पान?"

"हो."

"मग बेडूक म्हणत असेल, हे काय, पोटावर आहे की."

चित्रकार हसला. मग त्याने बेडकाचं पान पाहिलं, खारीचं पाहिलं, तळ्याचं पाहिलं आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं. हरवलेलं बटण सगळ्या पानांवर जागच्या जागी होतं, खिडकीच्या उजेडासकट चकाकत होतं. संपादकबाईंना आधी दाखवलेल्या पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांत बटणं काढलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्याही हे लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

तो घाबरला, आणि त्याला कारण होतं. मागच्या पुस्तकात एका पानावर तो कोल्ह्याला शेपटी काढायला विसरला होता. पुस्तक छापून झाल्यावर मुलांची पत्रं आली, की कोल्ह्याला लागलंय का. तेव्हा संपादकबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "आणखी एकदा असं झालं, तर अस्वलाची पुढची पुस्तकं मी त्या कॉम्प्युटरवर काढणाऱ्या मुलीला देईन." त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. अस्वल त्याचं होतं. त्याची ढेरी, त्याचं बावळट हसू, सगळं त्याने घडवलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाती जाणार या विचाराने त्याला सकाळचा नाश्ता गेला नाही.

"घाबरू नका," सासरे म्हणाले. "नापास माल वेळेत सापडला की निम्मं काम झालं."

चित्रकाराने बेडकाच्या पानावरच्या बटणावर लाल रंग चढवला. खालचं पितळ वर आलं आणि अस्वलाच्या पोटावर गळू झाल्यासारखं दिसू लागलं. त्याने ओल्या स्पंजने ते टिपलं, तेव्हा गळू फुटल्यासारखं दिसू लागलं. मग त्याने ब्लेड घेतलं आणि श्वास रोखून रंगाचा पापुद्रा खरवडायला सुरुवात केली.

"जरा हलक्या हाताने," सासरे कानाशी म्हणाले.

ब्लेड कागदातून आरपार गेलं. अस्वलाच्या पोटाला भोक पडलं आणि त्यातून जेवणाचं टेबल दिसू लागलं.

नेमकी त्याच वेळी बायको जेवायला घरी आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यामुळे घरच्या दुखण्यांवर चटकन विश्वास ठेवत नसे. तिने टेबल पाहिलं, भोक पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"कॉम्प्युटरवर हे एका क्लिकमध्ये गेलं असतं ना?"

"तो विषय नको."

"नको कसा? तूच भाषणात म्हणाला होतास. कॉम्प्युटर चूक पुसतो, हात चुकीसोबत जगायला शिकतो. टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या."

"अगं, संध्याकाळी बाई येतायत."

"मग जग चुकीसोबत. जेवायला कुठे बसायचं तेवढं सांग."

जेवण ओट्याशी उभ्यानेच झालं. चित्रकाराने भोकामागून तपकिरी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. गोंदाच्या ओलाव्याने रंग फिरला आणि भोकाभोवती भोवऱ्यासारखं वेटोळं उमटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि संपादकबाईंना फोन करून सगळं कबूल करून टाकावं म्हणून उठला.

सासरे मात्र त्या पानावरून हलले नव्हते. त्यांनी मान तिरकी केली.

"जावईबापू, ही गोगलगाय दिसते."

"कुठली?"

"ही काय. पोटावर बसलीय. फक्त शिंगं नाहीत."

चित्रकार परत बसला. बारीक ब्रशने त्याने वेटोळ्याच्या एका बाजूला डोकं काढलं, दोन शिंगं काढली आणि खाली चिकट अंग काढलं. ती खरोखरच गोगलगाय होती, आणि अस्वलाच्या पोटावर अगदी माहेरी आल्यासारखी निवांत बसली होती. आता अडचण एवढीच होती, की ती एकाच पानावर होती. एका पानापुरती आलेली गोगलगाय म्हणजे शेपटी नसलेला कोल्हाच. ती यायची तर सगळीकडे यायला हवी होती.

"बटण गोल आहे," बायको घास चावता चावता म्हणाली. "शंखही गोल असतो."

मग घराचा कारखाना झाला. चित्रकार एकेका पानावरच्या मधल्या पितळी बटणावर वेटोळं काढी, त्याला डोकं आणि शिंगं लावी आणि पान पुढे सरकवी. सासरे बायकोचा हेअर ड्रायर घेऊन ते वाळवीत, ड्रायर दूर धरीत, जवळ धरीत आणि "पास" म्हणून पुढचं मागवीत. बायको दुकानात परत जायची ती गेलीच नाही. "पोट बिघडलंय" असं तिने फोनवर सांगितलं, आणि कोणाचं ते सांगितलं नाही. स्वतःच्या हाताने काढलेले खिडकीचे उजेड एकामागून एक वेटोळ्याखाली जाताना चित्रकाराला वाईट वाटलं. पण सहाव्या की सातव्या गोगलगायीला त्याने जराशी झोपाळू नजर दिली, पुढच्या एकीला आगाऊ, आणि मग त्याला मजाच वाटू लागली. तो शीळ घालू लागला.

शेवटच्या पानाशी आल्यावर त्याने प्रथमच खणातून मजकूर काढून नीट वाचला. अस्वल दमून घरी येतं, खाटेखाली शोधायला वाकतं, आणखी वाकतं, आणि "सापडलं!" म्हणून ओरडतं. बटण कुठे सापडलं ते लेखिकेने लिहिलंच नव्हतं. चित्रकाराने त्या पानावर बटण तसंच ठेवलं आणि गोगलगाय जमिनीवरून दाराकडे निघालेली काढली. पान वाळतंय तोच बेल वाजली.

संपादकबाईंनी चष्मा बदलला आणि पानं पाहायला घेतली. चित्रकार खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. सासरे पडद्याची सुटलेली कडी बसवत होते, म्हणजे त्यांना सगळं ऐकायचं होतं.

"ही गोगलगाय मजकुरात नाही," बाई म्हणाल्या.

"नाही," चित्रकार म्हणाला. खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, पण तोंडातून भलतंच आलं. "ती बटणावर बसलीय. तिला माहीत आहे. वाचणाऱ्या मुलांना माहीत आहे. फक्त अस्वलालाच माहीत नाही."

बाईंनी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली. झोपाळू गोगलगायीपाशी त्या थांबल्या आणि त्यांच्या नाकातून एक बारीक आवाज आला. त्या हसत होत्या. इतक्या वर्षांत त्याने त्यांचं हसू ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी त्याला वाटलं की त्यांना सर्दी झालीय.

"मजकुरापलीकडचा विचार याला म्हणतात," पानं बांधून घेताना त्या म्हणाल्या. बायकोने खोकून हसू दाबलं.

पुस्तक छापून आलं. लेखिकेने "गोगलगाय माझ्या मनात पहिल्यापासून होती" असं सांगितलं, आणि वाचनालयात मुलांसमोर पुस्तक वाचायचं ठरलं. मुलं जमिनीवर बसली होती. बेडकाच्या पानावर ती खुदखुदली, खारीच्या पानावर "अरे वेड्या, पोटावर बघ" असं अस्वलाला समजावू लागली. मग तळ्याचं पान आलं, आणि मागे बसलेली एक मुलगी उभी राहून ओरडली, "पाण्यात बटण आहे!"

चित्रकाराने पुढे होऊन पान पाहिलं. काठावरच्या अस्वलाच्या पोटावर गोगलगाय होती. पाण्यातल्या उलट्या अस्वलाच्या पोटावर मात्र पितळी बटण, खिडकीच्या उजेडासकट, लखलखत होतं. प्रतिबिंब दुरुस्त करायचं साफ राहून गेलं होतं.

तोवर सगळी मुलं उठून पानावर झुंबड करत होती. पाणी खोटं बोलत नाही, असं एकाने दुसऱ्याला समजावलं. ते पान परत परत दाखवायला लागलं. संपादकबाई चित्रकाराच्या शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही मलाही सांगितलं नाहीत. पुढची पुस्तकं तुमचीच. पण प्रत्येकात असं काहीतरी लपवलेलं हवं."

तो घरी आला तेव्हा, पुस्तक छापून येईपर्यंत थांबलेल्या सासऱ्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ज्या बॅगेची त्याने इतकी वाट पाहिली ती समोर होती आणि त्याला काही केल्या बरं वाटेना.

"बाबा," तो म्हणाला, "त्या दिवशी तळ्याचं पान तुम्ही तपासलं होतंत ना?"

"दोनदा."

"मग पाण्यातलं बटण दिसलं नाही?"

सासऱ्यांनी बॅगेचा पट्टा ओढून बघितला, जो आधीच घट्ट होता.

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शीळ घालत होतात," सासरे म्हणाले. "सकाळपासून तोंड उतरलेलं होतं तुमचं. नुकतं कुठे हसायला लागला होतात. म्हटलं, जाऊ दे एक."

"कारखान्यात कधी जाऊ दिलं होतंत?"

"छे. एकही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही."

चित्रकाराला गलबलून आलं. त्याने बॅग उचलली आणि आत न्यायला निघाला. "पुढच्या पुस्तकाचं काम सुरू केलंय," तो जाता जाता म्हणाला. "पहिली तीन-चार चित्रं झालीत. काही दिवस राहा. मला गरज आहे तुमची."

"राहतो. पण मजकूर आधी मला वाचायला द्या."

"खणात आहे," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ शीळ ऐकू आली.

सासऱ्यांनी खण उघडला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचलं. या वेळी अस्वलाची छत्री हरवत होती, दुसऱ्याच पानावर. त्यांनी टेबलावर वाळत पडलेल्या चौथ्या चित्राकडे पाहिलं. मोठी निळी छत्री होती, तिची एकेक काडी जीव लावून काढलेली होती आणि अस्वलाने ती डोक्यावर मस्त उघडून धरली होती.

त्यांनी तोंड उघडलं. आतली शीळ चांगलीच रंगात आली होती. त्यांनी तोंड मिटलं, कागद परत खणात ठेवला, खण हळूच लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीला हेअर ड्रायर कुठे ठेवलाय ते विचारलं.