चौकशीची वेळ सात ते नऊ

आमच्या शेजारच्या घरावर रेल्वेच्या पिवळ्या रंगाची एक पाटी होती. तिच्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'चौकशी. ख्रिस्ती धर्म व मंडळी. सकाळी ७ ते ९. उपासना दर रविवारी साडेनऊला.' सौंदडच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी सामान उतरवत होतो, तेव्हा ही पाटी वाचायला दोन मिनिटं थांबलो. लगेच दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. खाकी पॅंट, पांढरी बनियन, मनगटावर मोठं घड्याळ.

"काय इचारायचं हाये?"

"काही नाही."

"मंग वाचून काऊन राहिले?"

हे दानियलकाका बोरकर. सौंदड स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, छोट्या लाइनीच्या काळापासून. निवृत्त झाल्यावर लोक शेती करतात, नातवंडं खेळवतात. काकांनी चौकशी खिडकी उघडली. गावात ख्रिस्ती म्हणजे काका आणि त्यांची बायको रूथकाकू, दोघंच. आणि गावाला ख्रिस्ती धर्माबद्दल प्रश्न मात्र पुष्कळ. ते लोक पाठीमागे कुजबुजत विचारायचे, याचा काकांना भयंकर राग. "तोंडावर इचारा ना जी! मी का चावतो?" म्हणून ती पाटी.

त्यांची एक पद्धत होती. प्रश्न आला की काका आधी हात वर करून विचारत, "लाइन क्लिअर?" विचारणाऱ्यानं "क्लिअर" म्हणायचं. याचा अर्थ, उत्तर संपेपर्यंत मधे बोलणार नाही. कोणी मधेच तोंड उघडलं तर काका थांबत, घड्याळ बघत आणि उत्तर पहिल्यापासून सुरू करत. ग्रामपंचायतीच्या एका सदस्याला बाप्तिस्मा म्हणजे काय हे त्यांनी एका सकाळी चारदा सांगितलं. त्यानंतर तो सदस्य आमच्या गल्लीतून जायचाच बंद झाला.

प्रश्नांना त्यांनी नंबर दिले होते. नंबर एक, अर्थातच, "धर्म बदलायचे किती भेटले?" काका शांतपणे सांगत, "माझा आजा ख्रिस्ती झाला. भेटले असतील तं त्यानंच खाल्ले, आमच्यापर्यंत आले नाई." नंबर दोन, "तुमी चर्चमधी दारू पेता म्हणतेत?" यावर काका रूथकाकूंना हाक मारत. काकू मनुका भिजवून प्रभुभोजनासाठी रस काढायच्या, त्यातला चमचाभर त्या विचारणाऱ्याला चाखायला देत. "चढली का?" काका विचारत. "नाई? मंग आता गावात जाऊन सांग."

देव एक की तीन, हा नंबर आठ. या प्रश्नाला मात्र काका जरा बिचकत. कधी पाण्याचं उदाहरण देत, कधी इंजिनाचं. आतून काकूंचा आवाज येई, "मागच्या बारीले दुसरंच सांगतलं होतं!" शेवटी काकांनी एक दिवस जाहीर केलं, "याचं उत्तर मी अर्धंच देतो. कारण मले अर्धंच समजलं हाये. ज्याले पुरं समजलं, त्याच्यापासून दूर राहा." हे उत्तर मला फार आवडलं.

माझीही एकदा फजिती झाली. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यामुळे "तुम्ही गणपती का नाही बसवत?" वगैरे प्रश्न मीही आयुष्यभर ऐकलेले. आपण तरी शेजाऱ्याशी नीट वागावं, या विचारानं गुड फ्रायडेला मी पावशेर पेढे घेऊन गेलो आणि दारातूनच म्हणालो, "हॅपी गुड फ्रायडे, काका!"

काका पांढऱ्या शर्टात, उपाशी बसले होते. त्यांनी पेढ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, आज आमच्या घरी मयत हाये असं समजा. पेढे आयतवारी आना."

मी मान खाली घालून परत आलो. रविवारी ईस्टरला तेच पेढे घेऊन गेलो. एप्रिलच्या उन्हात त्यांना वास येऊ लागला होता. काकांनी एक उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून गिळला आणि म्हणाले, "आता बरोबर दिवशी आले." दुपारी त्यांचं पोट बिघडलं, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

रविवारची उपासना त्यांच्या पुढच्या खोलीत व्हायची. एके काळी रेल्वेतली सात कुटुंबं तिथे जमायची. कोणाची बदली झाली, कोणी निवृत्त होऊन गेलं. उरले दोघं. गोंदियाहून पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा गाडीनं येत, बाकीच्या रविवारी काका स्वतःच सगळं चालवत. पण काटछाट मुळीच नाही. गीत, प्रार्थना, वाचन, सगळं क्रमानं. मधली भिंत पातळ, त्यामुळे मला घरबसल्या ऐकू येई. शेवटी काका उभं राहून सूचना वाचत, समोर शंभर माणसं बसल्यासारख्या मोठ्या आवाजात.

"पुढच्या रविवारी उपासना नेहमीच्या वेळेस होईल!"

आणि काकू न चुकता विचारायच्या, "किती वाजता?"

"साडेनऊ! बोर्डावर लिवलं हाये, डोये नाईत का?" इथे लाइन क्लिअर वगैरे काही नाही. थेट ओरडणं.

दर रविवारी हेच. मला वाटायचं, काकूंना विसरायची सवय असेल. एकदा माझ्या बायकोनं त्यांना विचारलंच. तर काकू हसल्या. "वेळ मले ठाऊक हाये वो. पण त्याईले इचारलं नाई, तं त्याईचा दिवस जात नाई. गावातले आता कमी इचारून राहिले. म्हणून मी इचारतो म्हटलं."

काकू गेल्या त्या पावसाळा संपता संपता. चार दिवसांच्या तापानं. गाव जमलं. पेटी अंगणात ठेवलेली, गोंदियाच्या कब्रस्तानात न्यायला गाडी यायची होती. काका खुर्चीवर ताठ बसून होते. तेवढ्यात समोरच्या घरातली सखूआजी पेटीजवळ आली आणि रडत रडत म्हणाली, "दानेल, जाळत काऊन नाई रे तुमी? मातीत एकटी कशी राहीन थे?"

मला तिचा इतका राग आला की मी तिला बाजूला न्यायला उठलो. पण काकांनी हात वर केला. "लाइन क्लिअर?" त्यांनी विचारलं. आजी पदरात तोंड लपवून रडत होती, मीच "क्लिअर" म्हणालो. काका उभे राहिले. "आमी झोपवतो, आजी. जाळत नाई, कारण उठायचं हाये. आमचा इस्वास हाये तसा. नंबर पाच." मग खाली बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या नाही आलं.

त्यानंतर पाळक आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, एका माणसाची उपासना कशी चालायची? तुम्ही गोंदियाला येत जा." त्यांची नागपूरची मुलगीही मागे लागली, बाबा, इथलं बंद करा आणि माझ्याकडे चला. काका दोघांनाही एकच उत्तर देत. "एकच पॅसेंजर असला, तं का स्टेशन बंद करतेत? गाडी तं येते ना?"

बोलायला ठीक होतं. पण भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. पहिल्या रविवारी गीत, प्रार्थना, वाचन, सगळं झालं. मग सूचना. "पुढच्या रविवारी उपासना नेहमीच्या वेळेस होईल!" आणि शांतता. बराच वेळ. मग काकांनी कशीबशी शेवटची प्रार्थना म्हटली. दुसऱ्या रविवारी तेच झालं, फक्त शांतता जास्त लांबली आणि शेवटची प्रार्थना झालीच नाही. सकाळी सात ते नऊ दार उघडं असायचं, पण दुःखाच्या घरी प्रश्न काय विचारायचा, म्हणून गाव भिडेपोटी यायचंच बंद झालं. चांगुलपणानं माणसाला एकटं पाडायची आपली ही तऱ्हा मला कधीच आवडली नाही, आणि मीही तेच करत होतो.

तिसऱ्या शनिवारी दुपारी शाळेतून आलो, तर पिवळी पाटी दारावर नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पालथी. ओट्यावर मुलीची बॅग होती. ती सोमवारच्या गाडीची तिकिटं काढून आली होती. "बाबा उद्याची उपासना करतो म्हणाले, मग निघू," तिनं मला सांगितलं.

रविवारी मी साडेनऊपासून भिंतीला लागून बसलो. बायको म्हणाली, पेपर तरी हातात धरा, बरं दिसत नाही. मी पेपर धरला. पलीकडे गीत झालं, काकांचा आवाज आणि मुलीचा. प्रार्थना झाली. वाचन झालं.

"पुढच्या रविवारी..." काका म्हणाले आणि अडकले. पुढचा रविवार नव्हताच. मग सवयीनं असेल किंवा हट्टानं, त्यांनी वाक्य पुरं केलं. "उपासना नेहमीच्या वेळेस होईल!"

शांतता. मुलीला काय माहीत, आता काय विचारायचं असतं ते.

मी देव मानत नाही. पण मला वेळ विचारायची होती. मी पेपर खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या प्रार्थनेच्या आवाजात ओरडलो, "किती वाजता जी?"

पलीकडे कोणी तरी दचकल्यासारखं भांडं पडलं. बायको माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे.

"साडेनऊ!" काका गरजले. "बोर्डावर लिवलं हाये, गुरुजी, डोये नाईत का?"

आणि लगेच शेवटची प्रार्थना सुरू झाली, खणखणीत.

दुपारी मी बाहेर आलो तेव्हा मुलगी ओट्यावर फोन कानाला लावून कोणाला तरी सांगत होती, "नाही ना, येत नाहीत म्हणतात." काका स्टुलावर चढले होते. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात हातोडी, दातांत खिळा.

"स्टूल पकडा जी, हलून राहिला."

स्टूल काही हलत नव्हतं, काकांचे पाय हलत होते. मी स्टूल पकडलं. त्यांनी पाटी दारावर लावली, सरळ आहे का ते दोनदा पाहिलं, खिळा ठोकला.

"पुढल्या आयतवारीबी इचारजा, गुरुजी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "रूथ इचारे."

मी "हो" म्हणालो आणि स्टूल आणखी घट्ट धरलं.