तिसऱ्या अंकातला वन्स मोर

नियोजन कशाला म्हणतात ते हितेंद्रकडून शिकावं! हे मत खुद्द हितेंद्रचंच होतं, पण तो ते इतक्या वेळा सांगायचा की जळगावच्या त्याच्या पाटबंधारे ऑफिसात हळूहळू सगळ्यांनाच ते खरं वाटायला लागलं होतं. कुणाचा निरोपसमारंभ असो की भरीत पार्टी, "तुम्ही फक्त या, बाकी माझ्यावर सोडा!" हे वाक्य ठरलेलं. घरी मात्र त्याची बायको डिंपल हे वाक्य कानावर आलं की आधी जाऊन गॅस बंद करायची.

या खेपेला काम भरीत पार्टीचं नव्हतं. मंगळवारी त्याच्या वडिलांचं, रुपचंदनानांचं, घशाचं ऑपरेशन होतं. नानांनी एसटीच्या धुळे वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली आडवं पडून उभा जन्म काढला आणि गाडीखालून बाहेर आले की बिडी ओढली. त्या बिड्यांनी आता घशात मुक्काम ठोकला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "जीव वाचवू. पण स्वरयंत्र काढावं लागेल. मंगळवारनंतर आवाज नाही. तोवरही शक्यतो बोलू नका."

घरात सुतक पडल्यासारखं झालं. डिंपल स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून रडली. हितेंद्र गच्चीवर जाऊन रडला आणि पाण्याची टाकी बघायला गेलो होतो म्हणाला. नाना तेवढे शांत होते. आवाज उरला होता तोही गिअर न पडणाऱ्या जुन्या एसटीसारखा, खरखर करणारा. ते सगळं वहीत लिहून द्यायचे. त्यांनी हितेंद्रला एकांतात वही दाखवली. लिहिलं होतं, 'रविवारी माले वन्स मोर देना शे. तुन्हा मायले.'

रविवारी मला वन्स मोर द्यायचाय, तुझ्या आईला! प्रकरण सदतीस वर्षं जुनं होतं. हितेंद्रची आई, चारुलताबाई, तेव्हा धुळ्यात शाळामास्तरीण होत्या. गावातल्या हौशी मंडळाने संगीत नाटक बसवलं, त्यात त्यांना तिसऱ्या अंकातल्या दासीचं काम मिळालं. वनवासातल्या राणीचे पाय चेपत म्हणायचं एकच पद! नाना वर्कशॉपच्या साहेबांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या रात्री राजाला वन्स मोर मिळाला, राणीला मिळाला, ऋषींनासुद्धा मिळाला. दासीचं पद संपलं आणि थिएटर गप्प. नानांच्या ओठावर शब्द आला होता. पण शेजारी साहेब! स्वतःच्याच बायकोला वन्स मोर दिला तर साहेब काय म्हणतील? नानांनी तो शब्द गिळला. बाईंनी घरी येऊन खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "एकानेसुद्धा दिला नाही." पुन्हा त्या कधी स्टेजवर चढल्या नाहीत.

आणि आता जळगावातल्या नाट्यप्रेमींनी एक टूम काढली होती. जुन्या संगीत नाटकांच्या कुणीकुणी जपून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि रविवारी सकाळी स्टेशनकडच्या टॉकीजमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. या रविवारी लागणार होतं ते धुळ्याचं तेच नाटक!

"नाना, मी फाइलच मागून आणतो की! घरी टीव्हीवर बघू," हितेंद्र म्हणाला.

नानांनी वहीत इतक्या जोरात लिहिलं की पान फाटलं. 'घरमा बशीसन कोन वन्स मोर देस?'

खरंच होतं. वन्स मोर द्यायला माणसं लागतात, अंधार लागतो, खुर्च्या लागतात. हितेंद्र म्हणाला, "नाना, तुम्ही फक्त या. बाकी माझ्यावर सोडा!"

डिंपल उठली आणि गॅस बंद करून आली.

नियोजन असं होतं. एकट्या नानांचा खरखरता आवाज केविलवाणा वाटेल, म्हणून साथीला ऑफिसातली चौदा माणसं पोह्यांच्या बोलीवर ठरवली. नाटक तीन तासांचं, टॉकीज साडेआठ ते बारा, म्हणजे अर्धा तास वरचा. राहिला प्रश्न पडद्याचा. पडद्यावरची दासी वन्स मोर ऐकून पुन्हा कशी गाणार? त्यासाठी हितेंद्र शनिवारीच प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन ऑपरेटरला भेटला. चुडामणभाऊ मूळचे दोंडाईचाचे, रिळांच्या काळापासून याच केबिनमध्ये काम करत आलेले.

"वन्स मोर ऐकू आला की गाणं मागे घेऊन पुन्हा लावायचं. जमेल?"

"का नही जमनार? रीळ व्हतं तव्हय नही जमे. आते माऊस शे!" चुडामणभाऊ खूश झाले. इतक्या वर्षांत पब्लिकने त्यांच्याकडे शिट्ट्यांपलीकडे काही मागितलंच नव्हतं.

रविवारी नानांनी इस्त्रीचा सदरा घातला. गळ्याला मफलर. सकाळपासून अक्षर बोलले नव्हते, चहासुद्धा खुणेने मागितला होता. दोन शब्दांपुरता आवाज त्यांनी आठवडाभर साठवला होता. चारुलताबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. "कशाला ते जुनं उकरायचं?" असं म्हणत त्या आल्या, पण ठेवणीतली साडी नेसून आल्या.

मागच्या दोन रांगांत चौदाजण ढेकर देत बसले होते. हितेंद्रने शेवटची सूचना दिली, "माझ्या आईचं गाणं संपलं की एकदम ओरडायचं!"

"पण आम्ही तुझ्या आईला सदतीस वर्षांपूर्वी कुठे पाहिलंय?" ऑफिसातला समाधान म्हणाला. "ओळखायचं कसं?"

"सोपं आहे! हिरवं नऊवारी!"

दिवे गेले. पडदा उजळला. आणि हितेंद्र खुर्चीतून अर्धा उठला. कॅसेट जुनी, रंग उडालेले, काळाने त्यातला फक्त हिरवा तेवढा शिल्लक ठेवला होता! राणी हिरवी, सख्या हिरव्या, सिंहासन हिरवं, ऋषींची दाढीसुद्धा शेवाळलेली. पहिलीच सखी दोन ओळी गाऊन थांबली, आणि मागून चौदा कंठांतून गर्जना झाली, "वन्स मोर!"

पडदा थबकला. सखी मागे मागे चालत गेली आणि पुन्हा गायला लागली.

हॉलमध्ये क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. पुढच्या रांगांत सगळी सत्तरीपुढची, गाण्यावर जीव टाकणारी मंडळी. सिनेमाच्या पडद्याला हात जोडून उपयोग नसतो हे त्यांनी कधीचं मान्य केलं होतं. आणि इथे पडदा ऐकत होता! मग काय! राजाच्या पदाला वन्स मोर. राणीच्या पदाला दोन वन्स मोर. ऋषींच्या शापाला वन्स मोर! कुणाला तलवारबाजी पुन्हा हवी होती. एका निवृत्त हेडमास्तरांनी उभं राहून सांगितलं, "जरा थांबवा, मी जाऊन येतो!" आणि चुडामणभाऊंनी खरोखर थांबवलं. सात मिनिटं राजा एक पाय उचलून उभा होता.

हितेंद्र मागे धावला. "अरे, गप्प बसा! ती माझी आई नाही!"

"हिरवं नऊवारी होतं!" समाधान म्हणाला.

"ते तर सेनापतीचंही हिरवंच आहे!"

"म्हणून त्यालाही दिला."

साडेदहा वाजून गेले आणि पहिला अंक अजून चालूच होता. नाना घड्याळाकडे बघत होते. हितेंद्र तीन तीन पायऱ्या एकदम चढत केबिनमध्ये घुसला. "चुडामणभाऊ, बास! आता कुणालाही वन्स मोर द्यायचा नाही!"

"तुम्हीनच सांगेल व्हतं ना? पब्लिक मांगस, मी देस!" चुडामणभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, लोके वर दखी राहिनात. माले हात करी राहिनात!"

"बाराला काय होतं?"

"बाराले नवा पिच्चर. ते कॉम्प्युटरमा लायेल शे, आपेआप चालू व्हस."

हितेंद्रने त्यांचे दोन्ही हात धरले. मंगळवारचं ऑपरेशन, तिसऱ्या रांगेतले साहेब, सगळं घडाघडा सांगून टाकलं. सांगताना त्याचा आवाज फुटला. चुडामणभाऊ गंभीर झाले. ठरलं की सरळ तिसऱ्या अंकावर जायचं. आणि यापुढे ऐकायचा तो फक्त एक आवाज, खरखरता. तो आला की काही झालं तरी, पडद्यावर काहीही असो, मागे घ्यायचं. चुडामणभाऊंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तिसरा अंक एकदम समोर आला तसा पुढच्या रांगांत दंगा झाला. "नाटक कापलं! दुसरा अंक कुठाय?" हेडमास्तर खुर्चीवर चढले. चुडामणभाऊंनी घाबरून दुसरा अंक लावला. मग मागच्यांनी आरडाओरडा केला. मग तिसरा. मग चुकून पहिलाच! अकरा चाळीस. अकरा पन्नास. बाहेर नव्या पिक्चरसाठी हिरोचे भक्त ढोल घेऊन जमले होते आणि दारं ढकलत होते.

अकरा छप्पनला वन दिसलं. राणी निजलेली. आणि विंगेतून ती आली. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, हातात पाण्याचा तांब्या. चारुलताबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "किती बारीक होते हो मी," त्या हळूच म्हणाल्या.

पडद्यावरची दासी गायला लागली. आवाज कोवळा होता, जरा घाबरलेला, पण सुराला पक्का. हॉल हळूहळू शांत झाला. ढोलसुद्धा थांबले असं हितेंद्रला वाटलं. नाना उठून उभे राहिले. पुढची खुर्ची धरली, मफलर सोडला, छातीत श्वास भरून घेतला. शेवटची ओळ. शेवटची तान. नानांनी डोळे मिटले.

बारा वाजले.

पडदा लख्ख झाला. दासी गेली, वन गेलं, आणि धूर सोडणारा एक मनुष्य आला. पिक्चरच्या आधी दाखवतात ती बिडी-सिगारेटविरुद्धची जाहिरात! पण नानांचे डोळे मिटलेले होते, आणि सदतीस वर्षांचा श्वास एकदा सुटला तो परत कसा घेणार?

"वन्स मोर!"

काय आवाज होता! कुठे साठवला होता देव जाणे. दारातून घुसणारे भक्त जागच्या जागी थांबले. आणि चुडामणभाऊ शपथेचे पक्के. खरखरता आवाज, पडद्यावर काहीही असो! जाहिरात मागे गेली आणि पुन्हा लागली. 'धूम्रपान घशाचा घात करतं,' पडद्याने नानांना पुन्हा एकदा बजावलं.

सगळं थिएटर हसलं. भक्तांनी शिट्ट्या मारल्या, ढोल बडवला, कुणीतरी ओरडलं, "आबा, आणखी एकदा!" नानांनी डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं, पण आत काही उरलं नव्हतं. ते खाली बसले आणि मफलर गुंडाळायला लागले. तो त्यांच्या हाताने गुंडाळला जाईना, तेव्हा चारुलताबाईंनी गुंडाळून दिला.

रिक्षा निघाली. नानांनी वही काढून दोनदा पेन टेकवलं आणि काही न लिहिता मिटली. घराजवळच्या वळणावर चारुलताबाई बाहेर बघत म्हणाल्या, "सदतीस वर्षांनी दिलात. तोही बिडीला!"

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं! हितेंद्रला हसावं की रडावं समजेना. नाना मात्र हसले. बिनआवाजाचे, खांदे हलवत. सोमवारी काही बोलता येईल म्हणून त्यांनी खूप प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवाच आली. मंगळवारी ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं.

आठ दिवसांनी नाट्यप्रेमींनी ती फाइल हितेंद्रच्या मोबाइलवर दिली. जनरल वॉर्ड, आठ खाटा. नानांच्या गळ्यात नळी. मोबाइल थर्मासला टेकवून उभा केला, बाई स्टुलावर बसल्या, आणि हितेंद्रने नेमका तिसरा अंक लावला. या वेळी काही चुकलं नाही. दासी आली, गायली, थांबली. मोबाइलमधलं थिएटर गप्प होतं. त्या शांततेत कुणीतरी खाकरलं, शब्द गिळल्यासारखं. नानांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं. ते त्यांचंच खाकरणं होतं!

मग नानांनी हितेंद्रकडे पाहिलं. काय हवंय हे काही वहीत लिहायला नको होतं.

हितेंद्रने श्वास घेतला. आजूबाजूला सात पेशंट, त्यांचे नातेवाईक, फराळाचे डबे. दारात सिस्टर, सकाळपासून दोनदा ओरडून गेलेल्या. चौदा माणसांना ओरडायला लावणारा हितेंद्र! त्याच्या ओठावर शब्द आला, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सहज वळून पाहिलं. हितेंद्रने खाकरल्यासारखं केलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

नानांनी दोन क्षण वाट पाहिली. मग सुई टोचलेला हात उचलला आणि पडद्याखालची रेघ अंगठ्याने मागे ओढली. पण ते पान्हे फिरवून निबर झालेले अंगठे! अंदाज चुकला, रेघ पार टोकाला गेली, आणि नाटक नांदीपासून सुरू झालं.

"नाना, थांबा, मी लावतो!" हितेंद्र पुढे झाला. नानांनी त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे रे," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल खाटेला आणखी चिकटवलं. "माझं पद तिसऱ्या अंकात आहे. तोवर बसू. मी कुठे जातेय?"

हितेंद्रने मोबाइलकडे पाहिलं. बॅटरी अकरा टक्के होती. चार्जर तेवढा घरी राहिला होता.