घाट उतरवणारे दत्तूभाई

दत्तूभाई आपल्या मनाच्या गोळ्यांविषयी मासळीबाजारात बोलतात. तेही मोठ्यानं. कोळीण बांगडे निवडत असते, गिऱ्हाईक घासाघीस करत असतं आणि दत्तूभाई सांगत असतात, "माझी गोळी डॉक्टरांनी अर्ध्यावर आणलीन. रात्री झोप जरा उडते, पण बरा हाय." कोळीण म्हणते, "मग भाई, सुरमय देऊ काय?" जगाचं काहीही बिघडत नाही. बाजूला पिशवी धरून उभा असलेला मी मात्र तिथल्या तिथे विरघळून जावं म्हणून देवाचा धावा करत असतो.

कारण तसलीच गोळी मीही घेत होतो, आणि ते गावाला कळू नये म्हणून जिवाचं रान करत होतो. मी हायस्कुलात शिकवतो. 'मास्तरांचं डोकं फिरलंय' एवढ्या वाक्याला रत्नागिरीत एका आळीतून दुसऱ्या आळीत जायला रिक्षासुद्धा लागत नाही. म्हणून मी गोळ्या आणायला संगमेश्वरला जायचो. घरात त्या मेतकुटाच्या बरणीमागे असायच्या. हे माझ्या बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि तीही मेतकूट काढताना इकडेतिकडे बघायची.

दत्तूभाई आमच्या शेजारचेच. जन्मभर एस्टीवर ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शुभा लग्न होऊन डोंबिवलीला, घरात एकटे. इंजिनावर आवाज काढायची सवय लागलेली, त्यामुळे शेजाऱ्याला मीठ मागतानाही पुढच्या थांब्यापर्यंत ऐकू जायचं. एकदा मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी टोपी आणि मास्क लावून कोपऱ्यात बसलो होतो. तिथे बसलेला प्रत्येक जण कुणा दुसऱ्यासाठीच आलेला असतो. कुणी मेव्हण्याचे रिपोर्ट दाखवायला, कुणी सहज. एवढ्यात दारातून गर्जना आली, "काय मास्तर? तोंड झाकलंत ता ठीक, चप्पल तुमचीच हाय!"

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. मला त्यांचा संताप आला होता.

पण गोळी कमी करायची वेळ आली तेव्हा माझी दाणादाण उडाली. मान वळवली की डोक्यात वीज चमकून जाई. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता उगाच रडू येई. मूळ दुखणं तर बरं झालंय, मग एकदम सोडून मोकळं व्हावं, म्हणजे लपवाछपवी तरी संपेल, असं मी ठरवलं होतं. भिंतीपलीकडून दत्तूभाईंना कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी हाक आली, "मास्तर, पडवीत या."

त्यांचीही गोळी उतरतीला लागली होती. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "आंबा घाट चढताना गाडी दमते, पण मरतो माणूस उतरताना. गियर काढून गाडी सोडून देणारा शाणा मी लय बघितलाय. डॉक्टरानं सांगितलान तेवढाच उतरायचा. घाट उतरताना गियर सोडायचा नाय." मग पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोघांच्या गोळ्या अर्ध्या केल्या. माझ्या अर्ध्या गोळीला सुपारीचा वास होता. एकदा तर गोळीचा तुकडा त्यांच्या पानात गेला आणि सुपारीचं खांड मी पाण्याबरोबर गिळलं. दोघंही बसून राहिलो, आता काय होतं ते बघत. काही झालं नाही.

मग ते रोजचंच झालं. ज्या दिवशी माझं डोकं भणभणायचं, त्या दिवशी ते विचारायचे, "वळण कडक हाय काय?" मी हो म्हणायचो. "हाय ना? मग हळू." एवढंच. सल्ला नाही, उपदेश नाही. अंधार पडून रस्त्यावरून कुणी ओळखणार नाही असं झालं की मी मागच्या दारानं घरी जायचो. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत.

मे महिन्यात शुभा यायची होती. आदल्या संध्याकाळी दत्तूभाईंनी आपल्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "ती हाय तवर तुमच्याकडं ठेवा. तवर माझी गोळी बंद."

"आणि गियर?"

त्यांनी पानाचा डबा उगाच उघडून मिटला. मग म्हणाले, "तिच्या आवशीला असांच व्हायचा. दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून निजायची. डॉक्टराकडं नेता काय, विचारलान एकदा मला. मी म्हटलंय, येड्यांच्या डॉक्टराकडं आपल्या घरातला कोण जात नाय." सगळ्या बाजाराला सांगणाऱ्या या माणसाला पोरीपुढे गोळी काढायची लाज वाटत होती. पाकीट मेतकुटाच्या बरणीमागे गेलं.

शुभा आली. पुढच्या दोन-तीन संध्याकाळी मी पडवीत गेलो की दत्तूभाई घामानं निथळत असायचे, कपातला चहा बशीत सांडायचा. "उकडतंय," म्हणायचे. शुभा काळजीनं बघायची. शेवटी मी घरी गेलो आणि दोन्ही पाकिटं खिशात घालून परत आलो. शाळेतली पोरं, त्यांचे पालक, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले.

"दत्तूभाई, अडकित्ता द्या," मी म्हटलं. आणि शुभाकडे बघून सांगितलं, "ही माझी मनाची गोळी. कमी करतोय. तुझे बाबा नसते तर केव्हाच घसरलो असतो."

दत्तूभाईंनी अडकित्ता दिला. मग हात तसाच पुढे ठेवला आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "माझी पण द्या."

मी गोळी अर्धी करून त्यांच्या तळहातावर ठेवली. शुभा त्या अर्ध्या गोळीकडे बघत राहिली. "बाबा, आईला पण अशीच गोळी मिळाली असती?"

"व्हय," दत्तूभाई म्हणाले. "मीच जाऊ दिला नाय तिला."

शुभा उठून आत गेली. दत्तूभाई मान खाली घालून बसले होते, गोळी मुठीत घट्ट धरून. बऱ्याच वेळानं ती पाण्याची दोन भांडी घेऊन आली. एक तिनं माझ्यापुढे ठेवलं. दुसरं बापाच्या हातात दिलं आणि त्यानं गोळी गिळेपर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.