साडेसातचा फोन आणि आजोबांची तारीख

पितळेचा एक तुकडा उरला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तुकडा वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. एका डॉक्टरांनी दारावरच्या पाटीसाठी तो कापून घेतला, आणि मग आपलं नाव एवढ्याशा पट्टीत मावणार नाही म्हणून दुप्पट मोठी पाटी सांगितली. दुकानाचा मालक म्हणाला, "कोरक्या, घेऊन जा हे घरी. नुसतं पायात येतंय."

कोरक्या हे त्याचं दुकानातलं नाव. शाळा सुटली त्या वर्षापासून तो इथे पाट्यांवर, पट्ट्यांवर आणि दगडांवर अक्षरं कोरत होता. सोळा वर्षांत अर्ध्या गावाच्या जन्माच्या आणि मरणाच्या तारखा त्याच्या हाताखालून गेल्या. घरी भिंतीवर मात्र आजोबांचा फोटो तारखेवाचून टांगलेला. तेव्हा त्याने ठरवलं, फोटोखाली एक छानशी पट्टी लावायची. नाव, जन्म, मृत्यू. एका संध्याकाळचं काम. (असं त्याला वाटलं.)

मृत्यूची तारीख फोटोच्या मागे आईच्या अक्षरात होती. जन्माची तारीख आईला विचारली असती, पण आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, वडील तर त्याच्याही आधी गेलेले. आता दोन खोल्या, एक खुर्ची आणि एक कप असा त्याचा संसार होता. दुसरा कप होता, पण त्यात त्याने चमचे ठेवले होते. फोन वाजे तो फक्त रिचार्ज संपल्याचं सांगणाऱ्या बाईंचा. ती बाई म्हणजे रेकॉर्डिंग आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेई. मध्येच फोन ठेवणं त्याला बरं वाटत नसे.

त्याने आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लांबच्या गावी राहणारी.

"कोण? तू? काय झालं? बरं नाही का तुला?"

"बरंय. आजोबांची जन्मतारीख हवी होती."

"सतरा मार्च. बाबांचं नोकरीचं पुस्तक माझ्याकडेच आहे. त्यात लिहिलंय."

इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण दुकानाचा एक नियम होता: तारीख दोघांकडून विचारल्याशिवाय कोरायची नाही. पितळेवरची चूक खोडता येत नाही. म्हणून त्याने दुसऱ्या गावच्या काकाला फोन लावला. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ.

"चार जून," काका म्हणाला. "बाबांचा शाळेचा दाखला आहे माझ्याकडे. मार्च कोण म्हणतं?"

"आत्या."

"तरीच!"

आत्या आणि काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका लग्नात फोटो काढताना काका आत्याला म्हणाला होता, "ताई, जरा मागे हो, तू आहेस म्हणून कोणी दिसतच नाहीये." तो फोटो अजून आत्याच्या घरी आहे. त्यात सगळे दिसतात, आत्या सोडून.

हे माहीत असूनही कोरक्याने चार जूनची गोष्ट आत्याला सांगितली. त्यावर त्याला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"चार जून? अरे, आईचा जन्म त्याच वर्षीचा, नऊ मे! म्हणजे माझी आई बाबांपेक्षा मोठी होती का? बाबा जन्मभर तिला 'लहान आहेस, तुला कळत नाही' म्हणायचे. ते काय खोटं? सांग त्या माणसाला!"

कोरक्याने त्या माणसाला सांगितलं. तो माणूस खदाखदा हसला आणि म्हणाला, "तिला सांग, आईला सगळं कळायचं ते उगीच नाही."

त्या दिवसापासून रोज साडेसातला आत्याचा फोन येऊ लागला आणि आठला काकाचा. आत्याचं काकाला सांगायचं, काकाचं आत्याला. दहा मिनिटं भांडण झालं की गाडी इकडेतिकडे वळे. आत्याचा गुडघा. काकाची सुरू न होणारी स्कूटर. आणि फोन ठेवताना आत्या म्हणे, "जेवलास का?" पहिल्यांदा तिने असं विचारलं तेव्हा तो गोंधळून "कोण?" असं म्हणाला होता. नंतर त्याला सवय झाली. तो साडेसहालाच भात टाकू लागला, म्हणजे साडेसातला खुर्चीत बसून "हो, जेवलो" असं खरं सांगता येई. रिचार्जवाल्या बाईंचा फोन आता तो मध्येच तोडू लागला. (गरज सरो, बाई मरो, हे बरं नव्हे. पण साडेसात वाजत आले असत.)

शेवटी दोघांनीही एकच निरोप पाठवला: नोंदींच्या कचेरीत जा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लाव.

कचेरीत सात नंबरच्या खिडकीत एक कारकून बसत असे. "तुम्ही त्यांचे नातू कशावरून?" त्याने विचारलं.

कोरक्याने पिशवीतून आजोबांचा फोटो काढून आपल्या तोंडाशेजारी धरला.

कारकुनाने चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "नाक तेच आहे," तो म्हणाला. "पण नाक चालत नाही. कागद आणा."

नाकाऐवजी कागद जमवायला तीन खेपा पडल्या. चौथ्या खेपेला कारकुनाने एक जाडजूड रजिस्टर काढलं, धूळ झटकली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि शाईच्या पेनाने उतारा लिहून दिला. आजोबांचा जन्म: आठ मे.

आठ मे! मार्च नाही आणि जूनही नाही. नोकरीच्या पुस्तकातली तारीख कोण्या साहेबाने घातलेली आणि दाखल्यावरची कोण्या मास्तरांनी, खरी ही. आजोबा आजीपेक्षा मोठेच होते, पण एका दिवसाने. कारकुनाने खाली त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का ठोकला. शिक्का पाहून कोरक्याची छाती फुगली, कारण तो त्यांच्याच दुकानात बनला होता, आणि शिक्क्याच्या शाईची बाटलीही त्यानेच कचेरीत आणून दिली होती. "पक्की शाई आहे, साहेब," असं तेव्हा तो म्हणाला होता. "धुतली तरी जायची नाही."

उतारा शर्टाच्या खिशात घालून तो घरी निघाला. अर्ध्या वाटेवर त्याची पावलं मंदावली. आज साडेसातला तारीख सांगितली, की उद्या साडेसातला काय?

फोन आला.

"मिळालं का रे?" आत्याने विचारलं.

"नाही," कोरक्या म्हणाला. "कारकून रजेवर आहे."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे त्याला प्रमाण कळेना. दुसऱ्या दिवशी कारकुनाला ताप आला. चौथ्या दिवशी तो कचेरीच्या जिन्यावरून पडला. सहाव्या दिवशी त्याच्या पायाला प्लास्टर होतं, आणि आत्या तारखेचं विसरून, "पाय उशीवर ठेव म्हणावं त्याला, लोंबता ठेवू नको," असं कळकळीने सांगत होती. काकाने तर हाडांच्या एका चांगल्या डॉक्टरांचा नंबर दिला. आठव्या दिवशी आत्या म्हणाली, "एका माणसाचा पाय मोडला म्हणून कचेरी बंद पडते का? शनिवारी मीच येते." अर्ध्या तासाने काकाही तेच म्हणाला.

घाबरून जायची वेळ होती. पण कोरक्या बाजारात गेला आणि सहा कप घेऊन आला. येणारी माणसं दोन. तरी पण सहा.

शनिवारी सकाळी अकराला दोघं एकाच वेळी दारात उभी राहिली, आणि एकमेकांना पाहून दोघांनीही कोरक्याकडे पाहिलं.

"याला कुणी बोलावलं?" आत्या म्हणाली.

"तिला म्हणावं, हे माझ्या भावाचं घर आहे."

"त्याला म्हणावं, माझाही तो भाऊच होता."

कोरक्याने दोन्ही निरोप दोन हातांच्या अंतरावर पोचवले आणि चहा टाकला. "कचेरी एक वाजता बंद होते, चला," असं काका खुर्चीला उद्देशून म्हणाला. पण आत्याला मळका कपडा डोळ्यांसमोर सहन होत नाही. खुंटीवरचा शर्ट तिने कधी उचलला आणि बादलीत कधी बुचकळला, हे चहा गाळण्याच्या नादात कोरक्याला कळलंच नाही. कळलं ते तिची हाक आली तेव्हा.

"खिशात काय होतं रे हे?"

तिच्या हातात उताऱ्याचा लगदा होता. तिने तो फरशीवर अलगद उलगडला. पेनाची शाई वाहून गेली होती. आजोबांचं नाव गेलं, आठ गेले, मे गेला. सगळा कागद फिकट निळा झाला होता आणि त्याच्या तळाशी शिक्का मात्र काळाकुट्ट, स्वच्छ, जसा ठोकला तसा. कचेरीचं नाव आणि नऊ दिवसांपूर्वीची तारीख.

(पक्की शाई. धुतली तरी जायची नाही.)

"हा कागद नऊ दिवसांपूर्वी मिळाला?" आत्या म्हणाली. "मग ते प्लास्टर?"

कोरक्या रिकामी गाळणी झटकू लागला.

आणि मग ती घटना घडली. आत्या वळली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा थेट काकाला म्हणाली, "अरे, बघितलंस का याचं?"

"बघितलं, ताई. मी त्या डॉक्टरला फोनसुद्धा करून ठेवला होता!"

"अन् मी त्या पायाच्या काळजीत दोन रात्री झोपले नाही!"

"आठ मे!" कोरक्या मध्येच ओरडला. "खरी तारीख आठ मे आहे. आजोबा एका दिवसाने मोठे. तुमचं दोघांचंही..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे बाबा मोठे म्हणून मी खोटी नाही, आणि एकाच दिवसाने म्हणून तूही फारसा खोटा नाहीस," आत्या म्हणाली.

"इतकी सोयीची तारीख खरी असते का कुठे?" काका म्हणाला. "दोघांना खूश करायला आता बसल्या जागी बनवली याने."

"पण असं केलंस तरी का?" आत्याने विचारलं.

कोरक्याच्या ओठावर खरं उत्तर आलं होतं. पण ते बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते कुठे कोरायचं असतं तर त्याने कोरून दिलं असतं. तो म्हणाला, "चहा गार होतोय."

त्याच्या नालायकपणाची उजळणी होता होता एक कधी वाजून गेला ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीने दोघं परत निघाली. अर्धी वाट एकच होती. गाडी सुटताना त्याने खिडकीतून पाहिलं: दोघं शेजारी शेजारी बसून आळीपाळीने कपाळावर हात मारत होती. चांगली रमली होती.

रविवारी त्याने साडेसहाला भात टाकला. साडेसातला फोन वाजला नाही. आठला वाजला नाही. सव्वाआठला त्याने आत्याला लावला, बिझी. काकाला लावला, बिझी. पुन्हा आत्याला. दोन्ही फोन एकाच वेळी बिझी कसे, याचा उलगडा व्हायला त्याला सोमवार, मंगळवार आणि अर्धा बुधवार लागला. भिंतीवर आजोबा होते. त्यांच्या पट्टीवर नाव होतं, पुढे "जन्म", आणि पुढे कोरं पितळ; आठ मे म्हणणारा तो एकटाच, आणि नियम दोघांचा.

गुरुवारी साडेसातला फोन वाजला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"मी बोलतेय," आत्या म्हणाली. "आता आईचीही तारीख बघायची म्हणतोय आम्ही. नऊ मे म्हणे! तेही कुणीतरी लावलेलंच असणार."

"मी उद्याच जातो!" तो खुर्चीतून उठत म्हणाला. "सकाळी उघडल्या उघडल्या! चार खेपा पडल्या तरी चालतील, आत्या. रोज काय झालं ते कळवत जाईन."

"तू नको," आत्या म्हणाली. "काका जाणार आहे. तुझा तो कारकून कुठल्या खिडकीत बसतो, एवढंच विचारायला फोन केला."

"सात नंबर."

"बरं," आत्या म्हणाली. "आणि त्याचा पाय कसाय आता?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.