गादी अर्धी आत, अर्धी बाहेर

माणूस गादीवर आडवा पडला की त्याला झोप कशी लागते, हे मी अचूक सांगतो. आमच्या गाद्यांच्या दुकानात मला 'डॉक्टर' म्हणतात ते काही उगाच नाही! 'शांत झोप लागते ना?' असं मी मायेने विचारलं की गिऱ्हाईक तिथेच अर्धं विरघळतं.

या डॉक्टरच्या घरची गादी मात्र लग्नातली. दोन बाजूंना दोन खड्डे, मध्ये टेकडी. बायको तिच्या खड्ड्यात, मी माझ्या. टेकडीवरून बोलणं व्हायचं ते 'दिवा घालव' एवढंच. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गेल्या महिन्यात एका सकाळी बायकोने बॅग काढली, तेव्हा वाटलं.

"दिवसभर परक्या लोकांना विचारतोस, झोप लागते का," कपडे भरता भरता ती म्हणाली. "मला कधी विचारलंस?"

ती काही दिवस आईकडे जाणार होती, न्यायला दुपारी तिचा भाऊ येणार होता. काही दिवस म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी तडक दुकान गाठलं आणि सगळ्यात भारी गादी घरी आणली.

या गादीतली हवा काढून, दाबून, तिची प्लास्टिकमध्ये गुंडाळी केलेली असते. पलंगावर ठेवल्याशिवाय प्लास्टिक कापू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पण गुंडाळी झोपायच्या खोलीच्या दारात अर्धी आत, अर्धी बोळात असतानाच बेल वाजली. मेहुणा! आत बायको बॅगेची चेन ओढत होती. तिने निदान गादी बघून तरी जावं, म्हणून मी कात्री चालवली.

गादीने मोठा श्वास घेतला आणि ती फुगतच गेली. दार भरलं, बोळ भरला, समोरच्या भिंतीला टेकून ती घट्ट बसली. बायको आत, मी बाहेर. यापेक्षा टेकडी परवडली असती. मी लाथ मारली, ती गादीने परत केली आणि मी न्हाणीघरात जाऊन पडलो.

मेहुण्यानेही ओढून पाहिलं. "भावोजी, हे तुम्ही मुद्दाम तर नाही ना केलंत?" असं विचारून तो सुतार शोधायला गेला.

मी गादीला तोंड लावून विचारलं, "झोप लागते का गं तुला?"

मग ती म्हणाली, "नाही. कितीतरी वर्षांत नाही."

मग मी बोललो. चुकलो म्हणालो. तू गेलीस तर हे घर खायला उठेल, म्हणालो. त्यापुढचं तर इतकं सुंदर होतं, की माझेच डोळे भरून आले. पलीकडून उत्तर आलं ते घोरण्याचं.

मेहुणा सुताराला घेऊन परतला. त्याने गादीला कान लावला. झोपलेल्या ताईला उठवायची त्याची हिंमत लहानपणापासून नव्हती. तो गुपचूप घरी गेला.

संध्याकाळी सुताराने चौकट काढली, तेव्हा बायको गादीला टेकून जमिनीवर बसली होती. गालावर शिलाईचे वळ, चेहरा टवटवीत. बॅगेचं काय करायचं, मी भीत भीत विचारलं. राहू दे, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

"मी बोललो ते कुठपर्यंत ऐकलंस?"

"'चुकलो'पर्यंत. इतकं बरं वाटलं, की डोळाच लागला."

"पुढचं फार छान होतं गं."

"मग रात्री सांग."

तेव्हापासून रोज रात्री नव्या गादीवर मी पहिल्यापासून सुरुवात करतो. 'चुकलो'च्या पुढे अजून जाता आलेलं नाही.